झोपेतून उठलेल्या लॅपटॉपला उजेड का येत नाही? बॅकलाइट ड्रायव्हरच्या पॅचचं परीक्षण (टेस्टर हवेत)

अंबाझरी (धागाकर्ती)

मंडळी, आपल्या नागपूरच्या लिनक्सवाल्यांपैकी बऱ्याच जणांकडे एकाच मॉडेलचे स्वस्तातले टू-इन-वन लॅपटॉप आहेत. एका कॉलेजनं लॅबमधले जुने काढून विकले, ते बर्डीवरच्या दुकानांतून घरोघरी पोचले. उबुंटू, डेबियन, फेडोरा, काहीही टाका, मशीन नीट चालतं. दुखणं एकच आहे. झाकण लावून ठेवलं आणि थोड्या वेळानं उघडलं की स्क्रीन काळी. कॅप्स लॉकचा दिवा लागतो, थांबलेलं गाणं पुढे वाजायला लागतं, म्हणजे मशीन जागं झालेलं असतं. उजेड तेवढा नसतो. उजेड वाढवायचं बटण दाबलं की सगळं दिसायला लागतं.

ज्यांना हे बटणाचं माहीत आहे त्यांचं निभतं. ज्यांना माहीत नाही ते पॉवरचं बटण दाबून धरतात आणि न साठवलेलं काम जातं. प्रोजेक्टचा अहवाल असा गमावलेली पोरं मी पाहिली आहेत. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

आपल्यातल्या 'कामठी_लाइन'नं यावर पॅच (कोडमधली दुरुस्ती) लिहिला आहे आणि मी तो तपासते आहे. परीक्षण मेलवर न करता इथे करतेय, कारण ते मराठीत कुठे वाचायला मिळत नाही आणि मला टेस्टरही हवे आहेत. मॉडेलचं आणि चिपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते आलं की गाडी कंपनीवर घसरते. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांना गटाच्या रेपोत सगळं सापडेल.

आधी थोडी रचना. बहुतेक लॅपटॉपांत उजेड किती ठेवायचा हे ग्राफिक्स ड्रायव्हर ठरवतो, पीडब्ल्यूएमच्या ठोक्यांवर (वीज भराभर चालू-बंद करून). या मशीनमध्ये एलईडी चालवणारी चिप वेगळी आहे आणि आय-टू-सी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या वाटेवर) बसली आहे. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तिचा छोटासा ड्रायव्हर आहे. तो बॅकलाइट क्लासमध्ये नोंद करतो, त्यामुळे सिसएफएसच्या (कर्नल आपली माहिती फायलींसारखी दाखवतो ती जागा) बॅकलाइट फोल्डरात आपल्या कामाच्या तीन फायली दिसतात. 'ब्राइटनेस' म्हणजे आपण मागितलेला आकडा, 'मॅक्स ब्राइटनेस' म्हणजे कमाल, इथे २५५, आणि 'अॅक्च्युअल ब्राइटनेस' म्हणजे ड्रायव्हरच्या मते खरोखर चालू असलेला आकडा. 'ड्रायव्हरच्या मते' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पॅचची पहिली आवृत्ती पाच-सहा ओळींची आहे. मशीन जागं झालं की चिपच्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या कप्प्यात) थेट २५५ लिहायचे. उजेड येतो, मी पाहिलं. तरीही ही आवृत्ती मी मान्य करत नाही. कारणं दोन.

रात्री गाडीत कुणी उजेड ३० वर ठेवून वाचत असेल आणि झाकण उघडताच २५५ चा झोत डोळ्यांवर येणार असेल, तर आपण एक त्रास काढून दुसरा दिला. वापरणाऱ्यानं ठेवलेला आकडा त्याचा आहे, ड्रायव्हरनं तो परत द्यायचा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. उजेड का गेला, हे या पॅचमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. कमिट मेसेजमध्ये (पॅचसोबतच्या टिपणीत) 'रिझ्यूमनंतर स्क्रीन काळी राहते, ती दुरुस्त केली' एवढंच आहे. चिप बंद पडते, की तिला शून्य लिहिलं जातं, की ती आकडा विसरते? तिन्हींचे उपाय वेगळे. कारण कळेपर्यंत पुढे जायला नको.

ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांनी झोपेआधी आणि झोपेनंतर, बटण दाबण्यापूर्वी, दुसऱ्या मशीनवरून एसएसएचनं शिरून तिन्ही फायलींतले आकडे इथे लिहा. सोबत कर्नलची आवृत्ती.

कामठी_लाइन

ताई, एवढं सविस्तर पाहिल्याबद्दल खरंच आभार. मी तिसऱ्या वर्षाला आहे, कर्नलमध्ये पहिल्यांदाच हात घालून राहिलो. २५५ लिहायचं कारण एवढंच की आधी चिप जिवंत आहे का ते बघायचं होतं.

माझ्या मशीनचे आकडे. झोपेआधी ब्राइटनेस १२०, अॅक्च्युअल १२०. उठल्यावर स्क्रीन काळी असताना ब्राइटनेस १२०, अॅक्च्युअलही १२०. म्हणजे कर्नलच्या हिशोबानं उजेड चालू आहे. मग मी आय-टू-सी टूल्सनं चिपचं रजिस्टर थेट वाचलं. झोपेआधी हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ७८ होते, म्हणजे आपले १२०. उठल्यावर तिथे ०० आहे.

बर्डी_दुरुस्ती

राम राम. माझं दुकान बर्डीवर आहे, कोडचं मला काही समजत नाही, पण ही मशीन माझ्याकडे येऊन राहिली म्हणून लिहितो.

लोकं येतात तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलेलं असते की पॅनल गेलं, नवीन टाका. पॅनल टाकायच्या आधी एक काम करा. खोलीत अंधार करा आणि मोबाइलची टॉर्च स्क्रीनला चिकटवून तिरपी धरा. आतमध्ये फिकट चित्र दिसलं, आयकॉन दिसले, तर पॅनल चांगलं आहे, मागचा उजेड तेवढा गेला. चित्रही नसलं तर मग केबल, पॅनल, बोर्ड पाहत बसा. या मॉडेलमध्ये दर वेळी चित्र दिसते.

उजेड खरोखर गेलेल्या मशीनमध्ये मी आधी बॅकलाइटच्या लाइनचा फ्यूज पाहतो, मग केबल. यात ते सगळं चांगलं निघते. गिऱ्हाइकाला बटण दाबून दाखवतो आणि पैसे न घेता परत पाठवतो.

अजून एक सांगून ठेवतो. बटण दाबल्यावर उजेड येते, पण पहिल्यासारखा नाही. फिका येते. मला आधी वाटलं भास आहे, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन मशीन बाजूबाजूला ठेवल्या, दोन्हीवर पांढरं पान उघडलं, उजेडाची पट्टी सारखी ठेवली. एक झोपवून उठवली. फरक स्पष्ट दिसते. पूर्ण बंद करून चालू केली की परत सारख्या.

वर्धारोड

मी पंचवीस वर्षं सिस्टम अॅडमिनचं काम केलंय. माझं मत थोडं वेगळं आहे. ज्याचं काम अडलंय त्याला कारण नको असतं, उजेड हवा असतो. पॅच वरच्या, म्हणजे मूळ कर्नलमध्ये जाईल, मग उबुंटूसारख्या डिस्ट्रोमध्ये येईल, तोवर पोरांच्या परीक्षा होऊन जातील.

तोपर्यंत हे करा. सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) 'सिस्टम-स्लीप' फोल्डरात छोटी स्क्रिप्ट टाका. झोपायला जाताना सिस्टमडी तिला 'प्री' देतो, उठल्यावर 'पोस्ट'. 'पोस्ट' आलं की ब्राइटनेस फाइल वाचायची, तिच्यात एक कमी आकडा लिहायचा, मग मूळचा आकडा लिहायचा. दोन ओळींचं काम आहे. नुसता तोच आकडा परत लिहून पाहिला, त्यानं उजेड येत नाही. एक कमी करून लिहिला की येतो. का ते मी शोधत बसलो नाही. घरातल्या दोन्ही मशीनवर हेच चालू आहे.

अंबाझरी

काका, स्क्रिप्ट उत्तम आहे. ज्यांची अडचण आजची आहे त्यांनी ती आजच लावावी, मी पण हेच सांगेन. पण ती प्रत्येकाला हातानं लावावी लागते, आणि ज्याला लावता येत नाही त्याचंच काम जास्त अडतं. कर्नलमधली दुरुस्ती त्याच्यासाठी करायची आहे.

तुम्ही ओघात जे लिहिलंत ते मात्र फार मोलाचं आहे. तोच आकडा लिहिला तर उजेड येत नाही, वेगळा लिहिला तर येतो. बॅकलाइटचा कोअर (सगळ्या बॅकलाइट ड्रायव्हरांचा कर्नलमधला सामाईक कोड) असा भेद करत नाही. सिसएफएसमधून तोच आकडा आला तरी तो ड्रायव्हरचं 'अपडेट_स्टेटस' हे फंक्शन बोलावतोच. म्हणजे भेदभाव ड्रायव्हरच्या आत होतोय. कामठी, त्या फंक्शनच्या पहिल्या चार-पाच ओळी इथे समजावून सांग.

बर्डीच्या भाऊंचं निरीक्षण तर कुठल्याही लॉगमध्ये सापडलं नसतं. उजेड परततो पण फिका परततो, म्हणजे चिप फक्त आकडा विसरत नाही, सगळंच विसरते. अशा चिपमध्ये एलईडीला जास्तीत जास्त किती करंट द्यायचा याचं वेगळं रजिस्टर असतं. बूट होताना ड्रायव्हर ते भरतो. झोपेत वीज गेली की चिप कारखान्यातल्या मूळ मूल्यावर येते आणि ते मूल्य आपल्या पॅनलच्या हिशोबापेक्षा कमी असावं. हे उलट असतं, मूळ मूल्य जास्त असतं, तर एलईडींवर रोज थोडा जादा ताण पडत राहिला असता आणि कुणाला कळलंही नसतं. त्यामुळे नुसता उजेडाचा आकडा परत लिहून भागणार नाही, चिप पहिल्यापासून मांडावी लागेल.

खामला_वाचक

माझ्याकडे थोडं निराळं होतं म्हणून आजवर गप्प होतो. तुम्ही सगळे म्हणता उजेड वाढवायचं बटण दाबा. माझ्या मशीनवर ते बटण कितीही वेळा दाबलं तरी काळंच राहतं. कमी करायचं बटण दाबलं की उजेड येतो. मी दिवसा गॅलरीत काम करतो, त्यामुळे उजेड कायम पूर्ण ठेवलेला असतो. माझं मशीन वेगळं खराब आहे का?

कामठी_लाइन

खामलाभाऊ, तुमचं मशीन चांगलं आहे, आणि तुमच्या पोस्टनं माझं कोडं सुटलं!

'अपडेट_स्टेटस'मध्ये पहिलीच ओळ अशी आहे: नवा आकडा मागच्या वेळी लिहिलेल्या आकड्याइतकाच असला तर काही न करता परत जा. मागचा आकडा ड्रायव्हर स्वतःजवळ साठवून ठेवते. तुमच्याकडे तो २५५ आहे. वाढवायचं बटण दाबलं तरी २५५ च्या वर जागा नाही, परत २५५ च येतात, ड्रायव्हरला वाटते की हे तर लिहिलेलंच आहे. चिपपर्यंत काही पोचतच नाही. कमी केलं की आकडा बदलते, मग लिहिते, मग उजेड. काकांच्या स्क्रिप्टचंही तेच.

आणि 'गेट_ब्राइटनेस' पाहिलं, तेही चिपला न विचारता साठवलेलाच आकडा देऊन टाकते. म्हणून काळ्या स्क्रीनवरही अॅक्च्युअल १२० दिसत होते.

दुसरी आवृत्ती रेपोत टाकली. उठल्यावर चिप पूर्ण मांडतो (करंटचं रजिस्टर धरून), मग २०० मिलिसेकंद थांबून वापरणाऱ्याचा आकडा लिहितो. साठवलेल्या आकड्याची ती ओळ काढून टाकली.

अंबाझरी

दुसरी आवृत्ती वाचली, चालवूनही पाहिली. दिशा बरोबर आहे. कमिट मेसेज आता वाचण्यासारखा झालाय: चिप झोपेत रजिस्टरं विसरते, ड्रायव्हर जुन्या आकड्यावर विसंबतो, म्हणून काळी स्क्रीन. असं लिहिलं की पुढच्या तपासणाऱ्याचं अर्धं काम होतं. आता हरकती.

माझ्या टेबलावर बाहेरचा मॉनिटर लावलेला असतो आणि लॅपटॉपचं झाकण बंद. दुसऱ्या आवृत्तीत मशीन उठलं की झाकणाच्या फटीतून उजेड दिसतो. पॅनल बंद आहे, त्यावर चित्र नाही, पण मागचे एलईडी जळताहेत. कारण तू लिहिताना प्रॉपर्टीजमधला, म्हणजे नुसता मागितलेला, ब्राइटनेस थेट उचललास. त्याऐवजी 'बॅकलाइट_गेट_ब्राइटनेस' वापर. हे फंक्शन आधी स्क्रीन ब्लँक आहे का, पॉवर बंद आहे का, झोपेची खूण लागली आहे का ते बघतं आणि तसं असेल तर शून्य देतं. उन्हाळ्यात ४५ अंशांत बंद झाकणाखाली एलईडी दिवसभर जळत ठेवणं मला पटत नाही.

पुढे, उठल्यावर लिहिण्याचं काम तुला स्वतः करावंच लागणार नाही. बॅकलाइट कोअरमध्ये 'बीएल कोअर सस्पेंड रिझ्यूम' असा पर्याय आहे. ड्रायव्हरनं तो लावला की झोपताना कोअर झोपेची खूण लावून 'अपडेट_स्टेटस' बोलावतो, म्हणजे शून्य लिहिलं जातं, आणि उठताना खूण काढून पुन्हा बोलावतो, म्हणजे मूळ आकडा लिहिला जातो. क्रमही आपोआप जुळतो. पॉवर मॅनेजमेंटमध्ये उठताना आधी पालक उपकरण उठतं, मग मूल. आपली चिप पालक, बॅकलाइटची नोंद तिचं मूल. तू चिपच्या रिझ्यूममध्ये फक्त रजिस्टरं मांड, उजेडाचा आकडा कोअर लिहील.

आता ते २०० मिलिसेकंद. हा आकडा कुठून आला? परीक्षणात मी यावर नेहमी अडते. 'ठेवले तर चालतं' हे उत्तर मी घेत नाही, कारण उद्या एखाद्या थंड मशीनवर २०० पुरणार नाहीत आणि कुणीतरी ४०० करेल.

शेवटची गोष्ट पॅचच्या विभागणीची. मूळ दुरुस्ती एक पॅच. साठवलेल्या आकड्याची ओळ काढणं आणि 'गेट_ब्राइटनेस'नं चिपला खरं विचारणं हा दुसरा. पहिला जुन्या, स्टेबल कर्नलांत जायला हवा. त्यांचा नियम आहे की पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नसावा आणि त्यात नेमकी दुरुस्तीच असावी. आणि गंमत नाही, खरंच बघ: पहिला पॅच एकटा लावला तरी काळी स्क्रीन जाते. झोपताना शून्य लिहिलं जातं, साठवलेला आकडा शून्य होतो, उठताना १२० वेगळे ठरतात.

ती ओळ मूळ लेखकानं बहुधा बसवरचं लिखाण वाचवायला घातली असावी. पण १०० किलोहर्ट्झच्या बसवर पत्ता, रजिस्टर आणि आकडा मिळून तीन बाइट पाठवायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. त्या बचतीसाठी ड्रायव्हरनं खोटा आकडा सांगत राहावं हे योग्य नाही.

इतवारी_स्नेहल

माझ्याकडे हेच मॉडेल आहे, पण हा त्रास कधीच झाला नाही. झाकण लावा, उघडा, उजेड लगेच येतो. मी पॅच टेस्ट करायला घेतला होता, पण काय तपासू? फरकच दिसत नाही. तुम्हा सगळ्यांच्या मशीनची बॅच खराब असेल का?

अंबाझरी

स्नेहल, बॅचवर जाण्याआधी एक बघ. सिसएफएसच्या पॉवर फोल्डरात 'मेम_स्लीप' नावाची फाइल आहे. तिच्यात 'एस-टू-आयडल' आणि 'डीप' असे दोन शब्द दिसतील आणि एकाभोवती चौकटी कंस असेल. कंसातला शब्द म्हणजे तुझं मशीन झोपतं ती पद्धत.

डीप म्हणजे जुनी एस-३ झोप. त्यात रॅम सोडून जवळजवळ सगळ्याची वीज जाते, आपल्या चिपचीही. एस-टू-आयडलमध्ये प्रोसेसर नुसता निवांत बसतो, उपकरणांची वीज बरीचशी तशीच राहते. तिथे चिपला विसरायला कारणच नाही.

इतवारी_स्नेहल

कंस एस-टू-आयडलभोवती आहे. फाइलमध्ये 'डीप' लिहून झोपवलं, उठवलं, आणि काळी स्क्रीन! इतके दिवस सगळ्यांचं ऐकत होते, आज स्वतः पाहिली. दुसरी आवृत्ती टाकल्यावर डीपमध्येही उजेड आला.

अंबाझरी

फार छान. हे कमिट मेसेजमध्ये जायलाच हवं, नाहीतर वरचे मेंटेनर (कर्नलचा हा भाग सांभाळणारे) एस-टू-आयडलवर चालवतील आणि 'आम्हाला दिसत नाही' म्हणतील. आणि टेस्टरांनो, दोन्ही पद्धतींवर बघा. एस-टू-आयडलमध्ये पॅचनं काही नवं बिघडत नाही ना, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

ठाण्याहून

नागपूरचा नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. दोन शंका. माझ्या वेगळ्या कंपनीच्या लॅपटॉपवर उजेडाची पट्टी हलते पण उजेड बदलत नाही. नेटवर सगळे सांगतात की बूटच्या ओळीत 'एसीपीआय बॅकलाइट' हे पॅरामीटर घाला. तो उपाय इथे का कुणी सुचवला नाही? आणि दुसरं, नागपूरच्या उन्हाळ्यानं चिप तापून बंद होत असेल असं नाही का?

अंबाझरी

तुमचा आजार वेगळा आहे. काही लॅपटॉपांत उजेडाला हात घालणारे एकाहून जास्त मार्ग असतात: फर्मवेअरचा एसीपीआय व्हिडिओ, कंपनीचा स्वतःचा, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा. चुकीचा मार्ग निवडला गेला की पट्टी हलते, उजेड हलत नाही. ते पॅरामीटर मार्ग निवडायला आहे, त्याला 'व्हिडिओ', 'व्हेंडर', 'नेटिव्ह' किंवा 'नन' अशी मूल्यं देता येतात. पूर्वी बॅकलाइट फोल्डरात दोन-दोन नोंदी दिसायच्या. हान्स द खुदे यांनी ही निवड नव्यानं बांधली, ती डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ कर्नलमध्ये गेली, आणि तेव्हापासून एका पॅनलला एकच नोंद असावी असा प्रयत्न असतो. तुमचा कर्नल त्याहून जुना असेल तर आधी नवा चालवून बघा. तरीही जमलं नाही आणि 'नेटिव्ह'नं चाललं तर ते स्वतःपुरतं ठेवू नका, कळवा. कर्नलमध्ये अशा मॉडेलांची यादी असते, तुमचं तिच्यात गेलं की पुढच्या माणसाला पॅरामीटर शोधत बसावं लागत नाही. फक्त नोंद नेमक्या मॉडेलच्या नावावर असू द्या. कंपनीच्या अख्ख्या मालिकेवर नियम लावला की त्यातल्या चांगल्या चालणाऱ्या मशीन बिघडतात.

आमच्याकडे नोंद एकच आहे आणि मार्ग बरोबर आहे, म्हणून त्या पॅरामीटरचा उपयोग नाही.

उष्णतेचं म्हणाल तर, तापून बंद पडलेली चिप बटणाच्या एका दाबावर तत्क्षणी परत येत नाही, आणि रजिस्टर नेमकं झोपेनंतरच कोरं होत नाही. जानेवारीतही हेच होत होतं.

कामठी_लाइन

ताई, तिसरी आवृत्ती टाकली. दोन पॅच केले, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

२०० चं उत्तर डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) सापडलं. उठताना फर्मवेअर आपल्या चिपची एनेबल पिन वर करते. त्यानंतर चिपला तयार व्हायला १ मिलिसेकंद लागते, तोवर ती बसवर उत्तर देत नाही. न थांबता लिहिलं की कधी पहिलं लिखाण फुकट जायचं, ते यामुळेच. आता 'यूस्लीप_रेंज'नं १ ते २ मिलिसेकंद थांबतो आणि कोडवर टिपणी लिहिली की हा आकडा डेटाशीटच्या कोणत्या तक्त्यातला आहे. प्रत्येक लिखाणाचं उत्तर तपासतो, चुकलं तर एरर वर पाठवतो. आधीच्या कोडमध्ये उत्तर कुणी पाहतच नव्हतं.

झोप आणि हायबरनेट दोन्हीला तेच फंक्शन लागते. 'आरटीसीवेक'नं (मशीन झोपवून ठरल्या वेळी उठवणारी कमांड) तीस-तीस सेकंदांच्या झोपेचं चक्र रात्रभर चालवलं, दर वेळी रजिस्टर वाचून फाइलीत लिहिलं. सकाळी सगळीकडे ७८ च होते.

बर्डी_दुरुस्ती

पोरगा दुकानात येऊन तिसरी टाकून गेला, दोन मशीनमध्ये. पुन्हा बाजूबाजूला ठेवल्या, पांढरं पान, पट्टी सारखी. एक झोपवली, उठवली. आता फरक नाही. गिऱ्हाइकालाही दाखवलं, त्यालाही ओळखू नाही आलं की झोपून उठलेली कोणती.

एक मात्र दिसलं. उठताना क्षणभर पांढरा झटका येते, मग चित्र येते. आधी नव्हतं.

अंबाझरी

भाऊ, तुमचे डोळे चांगले आहेत. मीही मोबाइलवर संथ चित्रफीत काढून पाहिली, तो झटका खरा आहे. पॅनलचा नियम असा की आधी वीज, मग चित्र, मग उजेड. आता आपली चिप इतकी लवकर उठते की उजेड चित्राच्या आधी पोचतो. आधी उजेडच येत नव्हता म्हणून हे झाकलेलं होतं.

हे या ड्रायव्हरमध्ये थांबून सोडवायचं नाही. चित्र कधी तयार झालं हे आपल्या चिपला कळत नाही, ते ग्राफिक्स ड्रायव्हरला कळतं. तोच पॅनल चालू झाल्यावर बॅकलाइट चालू करायला सांगू शकतो, आणि झोपताना त्यानं पॅनल बंद करताना बॅकलाइटची पॉवर बंद केली असेल, तर 'बॅकलाइट_गेट_ब्राइटनेस' तोवर शून्यच देईल. या मशीनमध्ये ती जोडणी केलेली नाही. ते वेगळं काम आहे, मी त्याचा स्वतंत्र धागा काढते. कामठी, पॅचसोबतच्या कव्हर लेटरमध्ये ही मर्यादा स्पष्ट लिही. क्षणभराचा झटका काळ्या स्क्रीनपेक्षा कितीतरी बरा, पण तो लपवून पॅच पाठवायचा नाही.

तिसऱ्या आवृत्तीच्या दोन्ही पॅचना माझं 'रिव्ह्यूड-बाय', म्हणजे तपासल्याची सही. पाठवण्याआधी एवढं कर:

पॅचची मांडणी तपासणारी 'चेकपॅच' स्क्रिप्ट चालव. पहिल्या पॅचला 'फिक्सेस' ओळ हवी, जिथून दोष आला त्या कमिटचे पहिले बारा अंक आणि शीर्षक. स्टेबलला 'सीसी' पहिल्याच पॅचवर, दुसऱ्यावर नको. 'साइन्ड-ऑफ-बाय' स्वतःच्या खऱ्या नावानं. पत्ते 'गेट_मेंटेनर'कडून घे. बॅकलाइट विभागासाठी मेंटेनर्स फाइलीत ली जोन्स, डॅनियल थॉम्पसन आणि जिंगू हान यांची नावं आहेत, शिवाय डीआरआय-डेव्हेल ही मेलिंग लिस्ट. मेल 'गिट सेंड-ईमेल'नंच पाठव. ब्राउझरमधून चिकटवलास तर टॅबच्या जागी स्पेस येतात आणि पॅच लागत नाही. आठवडाभर उत्तर आलं नाही तर घाबरू नकोस, नम्रपणे एकदा आठवण कर.

स्नेहल, खामला, काका: 'टेस्टेड-बाय'साठी तुमचं नाव आणि मेल कामठीला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, इथे लिहू नका. आणि भाऊ, फिका उजेड तुम्ही पकडलात. तो दिसला नसता तर करंटचं रजिस्टर सुटलं असतं. तुमचं नाव 'रिपोर्टेड-बाय'मध्ये जायला हवं, चालेल का?

बर्डी_दुरुस्ती

चालते ना ताई. पोरगा आला की नाव लिहून देतो.

वर्धारोड

स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी नवा कर्नल आला की ती काढून टाकावी. दोन्ही एकत्र असली तरी नुकसान नाही, पण उठताना उजेड दोनदा हलतो. माझ्या दोन्ही मशीनवर तिसरी आवृत्ती टाकली आहे, हायबरनेट आज रात्री बघतो आणि उद्या इथे लिहितो.